शुद्धिपत्राची मुदत

आमच्या मराठी विभागातील कपाटाशेजारी एक जुना संगणक आहे. जुन्या नियतकालिकांच्या छायाप्रती, विद्यार्थ्यांनी कष्टाने केलेल्या लेखनसूची आणि दोन-तीन शब्दकोश त्यावर साठवलेले आहेत. त्याची कार्यप्रणाली मुक्तस्रोत आहे. काही वर्षांपूर्वी एका सकाळी पडद्यावर सूचना उमटली : या आवृत्तीच्या देखभालीची मुदत संपली असून यापुढे तिला सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळणार नाहीत. संगणक मात्र नेहमीसारखाच चालत होता. आम्ही ती सूचना वाचली, बंद केली, आणि पुढे जवळजवळ दोन वर्षे रोज बंद करीत राहिलो.

हा आळस होताच. पण त्याहून अधिक, पुस्तकांच्या जगात वावरणाऱ्या माणसाला या सूचनेचा अर्थच नीट लागत नाही. ‘आवृत्ती’ हा शब्द आपल्या व्यवहारातला. पहिल्या आवृत्तीची प्रत जुनी होते, तिची पाने पिवळी पडतात, बांधणी सुटते. परंतु प्रकाशकाने तिच्यावरचे लक्ष काढून घेतले म्हणून तिच्यातला मजकूर दुसऱ्या दिवसापासून धोक्याचा होत नाही. कार्यप्रणालीचे तसे नाही. तिच्यातील चुका प्रकाशनाच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसतात. त्या पुढे वाचकांना सापडत जातात, आणि या वाचकांत चोरही असतात. म्हणून अशा आवृत्तीला एक न संपणारे शुद्धिपत्र जोडावे लागते. ते कोणीतरी लिहीत असते तोवरच आवृत्ती वापरण्याजोगी राहते. ‘देखभालीची मुदत’ म्हणजे हे शुद्धिपत्र किती काळ लिहिले जाईल याविषयी दिलेला शब्द.

मुक्तस्रोत कार्यप्रणालींचा इतिहास बहुधा जन्मतारखांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : अमुक साली अमुक आवृत्ती आली, तीत अमुक नवे होते. तो शब्द देण्याचा आणि पाळण्याचा इतिहास म्हणून वाचला तर काय दिसते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. पुढे ‘लिनक्स’ म्हणून ओळखली गेलेली ही निर्मिती वस्तुतः कार्यप्रणालीचा गाभा होती, तिची १.० ही आवृत्ती १४ मार्च १९९४ रोजी निघाली. पण नुसत्या गाभ्याचा सामान्य माणसाला उपयोग नसतो. त्याभोवती इतरांनी लिहिलेली शेकडो साधने जमवावी लागतात, ती एकमेकांशी जुळतात की नाही हे तपासावे लागते आणि सगळ्यांचा मिळून एक ग्रंथ सिद्ध करावा लागतो. हे काम संकलकाचे, संपादकाचे. अशा संपादित संचाला ‘वितरण’ म्हणतात. यांतील सर्व साधनांची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदललेली प्रत इतरांना देता येते. ही मोकळीक पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या अमेरिकेतील विद्यार्थ्याने असे एक वितरण सुरू केले. स्वतःचे नाव आणि डेब्रा हे आपल्या मैत्रिणीचे नाव जोडून त्याने ‘डेबियन’ हा शब्द घडवला. डेबियनमागे कंपनी नाही. जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. त्याच्या आवृत्त्यांच्या यादीत १.० ही आवृत्ती नाही, आणि त्यामागे एक गोष्ट आहे. १९९५ च्या अखेरीस तबकड्या विकणाऱ्या एका प्रकाशकाने डेबियनची अपुरी, कामात असलेली संहिता उचलून ‘१.०’ असे नाव देऊन बाजारात आणली. ती धड चालत नव्हती. खरी आवृत्ती तयार झाल्यावर तिला तोच क्रमांक दिला तर लोकांचा गोंधळ होईल, म्हणून डेबियनने तो क्रमांकच सोडून दिला. जून १९९६ मध्ये निघालेली पहिली अधिकृत आवृत्ती १.१ आहे. कच्चे हस्तलिखित कोणीतरी परस्पर छापावे आणि लेखकाने आपल्या ग्रंथसूचीत तेवढी जागा कायमची रिकामी ठेवावी, तसा हा प्रकार. ‘प्रकाशित झाले’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या इतिहासात असा आरंभीच उभा राहतो.

डेबियनचे त्यावरचे उत्तर सरळ होते : तयार होईल तेव्हा. चित्रपटातील खेळण्यांची नावे घेऊन एकेक आवृत्ती निघत गेली. कारण त्या काळी प्रकल्पाचे नेतृत्व करणारे ब्रूस पेरेन्स ‘टॉय स्टोरी’ बनवणाऱ्या पिक्सार या चित्रसंस्थेत काम करीत होते. २.२ ‘पोटॅटो’ ऑगस्ट २००० मध्ये आली, ३.० ‘वूडी’ जुलै २००२ मध्ये. त्यानंतरची ३.१ ‘सार्ज’ मात्र निघता निघेना. स्थापनेची प्रणाली पूर्णपणे नव्याने लिहिली जात होती, हे एक कारण. दुसरे कारण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम ऐकावे असे आहे.

डेबियनने १९९७ मध्ये आपल्या वाचकांशी एक सामाजिक करार केला होता. ‘डेबियन शंभर टक्के मुक्त सॉफ्टवेअर राहील’ अशा आशयाचे वचन त्यात होते. एप्रिल २००४ मध्ये सभासदांनी मतदानाने या करारात काही बदल केले. ठरावाचे नाव ‘संपादकीय दुरुस्त्या’ असे होते. म्हणजे केवळ भाषा नेटकी करायची, असा समज. बदललेल्या वचनात ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द नव्हता. डेबियन शंभर टक्के मुक्त राहील, एवढेच होते. एक शब्द गळला आणि वचनाची व्याप्ती पालटली. कारण वितरणात केवळ सॉफ्टवेअर नसते. माहितीपुस्तिकाही असतात, आणि त्यांतील काही पुस्तिकांच्या परवान्यात अमुक भाग कोणी बदलू नयेत अशी अट घालण्याची सोय होती. मग अशा पुस्तिका मुक्त कशा? प्रकाशनाची जबाबदारी सांभाळणारे अँथनी टाउन्स यांनी नव्या शब्दांचा अर्थ अक्षरशः घेतला : हे सारे काढून टाकल्याखेरीज सार्ज प्रकाशित करता येणार नाही. अखेर जुलै २००४ मध्ये पुन्हा मतदान होऊन, नव्या कराराचा अंमल सार्जच्या प्रकाशनानंतर करावा असे ठरले. सार्ज ६ जून २००५ रोजी निघाली. वूडीनंतर जवळजवळ तीन वर्षांनी.

या दिरंगाईची त्या काळी पुष्कळ थट्टा झाली. पण आपल्या वचनातील एक शब्द गळल्यामुळे हजारभर माणसे थांबतात आणि त्या शब्दाचा अर्थ काय यावर दोनदा मतदान घेतात, ही गोष्ट थट्टेचीच आहे काय? स्वतःच्या शब्दाला इतके बांधून घेणारी संपादकमंडळे विरळाच. अर्थात दुसरी बाजूही खरी होती. तीन वर्षे वाट पाहणाऱ्या वाचकाच्या हाती तोवर तीन वर्षे जुनी साधने होती, आणि नवी केव्हा येणार हे त्याला कोणीही सांगू शकत नव्हते.

नेमक्या याच पोकळीत २० ऑक्टोबर २००४ रोजी उबुंटूची पहिली आवृत्ती आली. दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ हे स्वतः पूर्वी डेबियनमध्ये काम केलेले. त्यांनी डेबियनचीच संहिता पायाला घेतली, पण प्रकाशनाचे तत्त्व उलटे केले : दर सहा महिन्यांनी आवृत्ती निघेल आणि त्या दिवशी जे तयार असेल तेच तीत जाईल. क्रमांकही तारखेवरून. पहिली आवृत्ती ४.१०, म्हणजे २००४ चा दहावा महिना. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. ओपनबीएसडी ही प्रणाली १९९६ पासूनच सहा-सहा महिन्यांच्या अंतराने आवृत्त्या काढीत आली होती. पण घरगुती संगणकावर ही शिस्त लोकप्रिय केली ती उबुंटूने. तिच्या तबकड्या २००५ पासून काही वर्षे जगभर फुकट टपालाने पाठवल्या जात. आमच्या महाविद्यालयातही एक पाकीट आले होते आणि ते बरेच दिवस सूचनाफलकाखालच्या टेबलावर पडून होते.

हा भेद आपल्याला अपरिचित नाही. विश्वकोशाचा खंड तयार होईल तेव्हा निघतो. दिवाळी अंक दिवाळीला निघतो. दिवाळी अंकाचा संपादक उशिरा आलेला उत्तम लेखही पुढच्या वर्षावर ढकलतो, कारण दिवाळी थांबत नाही. दोन्ही पद्धतींना आपापला प्रामाणिकपणा आहे. एकीचे वचन मजकुराविषयी असते, दुसरीचे तारखेविषयी.

परंतु तारखेचे वचन देताना उबुंटूला आणखी एका तारखेचे वचन द्यावे लागले, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे. सहामाही आवृत्तीला अठरा महिने दुरुस्त्या मिळतील, असे प्रारंभापासून जाहीर होते. पण कार्यालये, ग्रंथालये, शाळा दर दीड वर्षाने सारे बदलू शकत नाहीत. म्हणून २००६ मध्ये पहिली दीर्घ मुदतीची आवृत्ती आखण्यात आली : घरगुती संगणकासाठी तीन वर्षे, सर्व्हरसाठी पाच. ती एप्रिलमध्ये यायची होती. पण पाच वर्षे जिची जबाबदारी घ्यायची ती अधिक घासूनपुसून घ्यावी, म्हणून शटलवर्थ यांनी सहा आठवडे उशीर पत्करला, आणि ६.०४ व्हायची ती ६.०६ झाली. तारखेला सर्वस्व मानणाऱ्यांनी आपला नियम मोडला तो मुदतीच्या वचनासाठी. पुढे २०१२ पासून दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला दोन्हीकडे पाच वर्षे मिळू लागली. उलट २०१३ पासून सहामाही आवृत्तीची मुदत अठरा महिन्यांवरून नऊवर आली. काही आवृत्त्या वर्तमानपत्रासारख्या आणि काही ग्रंथासारख्या, अशी ही उघड विभागणी झाली.

डेबियननेही हळूहळू मधला मार्ग काढला. २००९ मध्ये ठरावीक काळाने संहिता ‘गोठवण्याची’, म्हणजे नवी भर बंद करून केवळ चुका दुरुस्त करण्याची, पद्धत स्वीकारल्याचे त्यांनी जाहीर केले. लगेचच्या डिसेंबरात गोठवण्याच्या बेतावर आतूनच आक्षेप आले आणि तो पुढे ढकलावा लागला; पण विचार टिकला. थांबण्याचा दिवस आधी ठरतो. प्रकाशन मात्र काम पुरे झाल्यावरच होते. सार्जपासून आजवरच्या साऱ्या मुख्य आवृत्त्या विषम वर्षी निघाल्या आहेत : २००५, २००७, २००९, आणि तसेच पुढे १३ ‘ट्रिक्सी’च्या ऑगस्ट २०२५ पर्यंत.

आता शुद्धिपत्र लिहिण्याच्या कामाकडे वळू. मूळ लेखकाला एखादी त्रुटी सापडली की तो ती आपल्या ताज्या संहितेत दुरुस्त करतो. पण जुन्या आवृत्तीचा वाचक ताजी संहिता घेऊ शकत नाही. तीत इतरही शंभर बदल असतात आणि त्यांमुळे त्याचे चालू काम बिघडू शकते. म्हणून कोणीतरी ती एकच दुरुस्ती वेगळी काढून जुन्या पाठात बेताने बसवावी लागते. पाठ जुनाच राहिला पाहिजे, चूक तेवढी गेली पाहिजे. हे काम कंटाळवाणे, जोखमीचे आणि अनामिक असते. नवे काही निर्माण केल्याचे श्रेय त्यात नाही, आणि ते नीट झाले तर काही घडतच नाही.

जोखीम किती, ते २००८ मध्ये दिसले. डेबियनच्या एका देखभालकर्त्याने २००६ साली गुप्तलेखनाच्या एका साधनातून निरर्थक वाटणारा मजकूर वगळला होता; तपासणीच्या एका यंत्रणेने त्याबद्दल इशारा दिला होता, एवढेच निमित्त. त्या वगळण्यामुळे गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारी यदृच्छता जवळजवळ नाहीशी झाली. एका प्रकारच्या आणि लांबीच्या शक्य किल्ल्या उरल्या केवळ ३२,७६८. ही गोष्ट १३ मे २००८ रोजी जाहीर झाली, तेव्हा डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूच्या वापरकर्त्यांना त्या काळातील किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या. लेखनिकाने अनावश्यक वाटणारा शब्द गाळावा आणि अर्थाचा अनर्थ व्हावा, ही पाठचिकित्सेतील जुनीच कथा. विशेष असे की सार्ज या जुन्या आवृत्तीत हा दोष नव्हता; तिचा पाठ त्या बदलाच्या आधीचा होता.

मग हे काम कोण करतो आणि कशाच्या बळावर? डेबियनने २०१४ मध्ये ६.० ‘स्क्वीझ’पासून आवृत्तीचे आयुष्य पाच वर्षांपर्यंत वाढवले. या वाढीव काळाचे काम केवळ उत्साहावर चालत नाही हे ओळखून, गरजू संस्थांकडून पैसे गोळा करून ते करणाऱ्यांना मोबदला देण्याची व्यवस्था झाली. लिनक्सच्या गाभ्याचीही तीच कथा. त्याच्या दीर्घायुषी आवृत्त्यांना आधी दोन वर्षे दुरुस्त्या मिळत. २०१७ मध्ये ही मुदत सहा वर्षांवर नेण्यात आली. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती पुन्हा दोनच वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले. सांभाळणारी माणसे थकली होती, आणि इतक्या जुन्या आवृत्त्या फारसे कोणी वापरतही नव्हते. मुदतीचा आकडा हा शेवटी माणसांच्या दमाचा आकडा असतो.

शब्द मोडला गेला तर काय होते, याचे उदाहरण सेंटओएसचे आहे. रेड हॅट कंपनी २००३-०४ च्या सुमारास आपल्या फुकट मिळणाऱ्या वितरणातून बाहेर पडली आणि दीर्घ मुदतीची आवृत्ती पैसे देणाऱ्यांसाठी ठेवली. तिची संहिता मात्र खुली होती. त्या संहितेवरून काही स्वयंसेवकांनी २००४ मध्ये सेंटओएस ही तिची तंतोतंत, पण मोफत प्रत काढली. विद्यापीठे, प्रयोगशाळा, लहान उद्योग तिच्यावर विसंबले. २०१४ मध्ये हा प्रकल्प रेड हॅटच्याच छत्राखाली आला. अमेरिकेतील फर्मिलॅब ही भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा स्वतःचे वेगळे वितरण चालवीत असे. २०१९ मध्ये तिने आपण नवी आवृत्ती काढणार नसून सेंटओएस ८ कडे वळणार असल्याचे जाहीर केले. त्याच सप्टेंबरात सेंटओएस ८ आली. तिची मुदत २०२९ पर्यंत सांगितलेली होती. आणि ८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली की ही मुदत २०२१ च्या अखेरीस संपेल. वचनातली सात वर्षे एका दिवसात गेली. विशेष हे की अधिक जुनी ७ ही आवृत्ती ठरल्याप्रमाणे जून २०२४ पर्यंत सांभाळली गेली. धाकटी आधी गेली आणि थोरली मागे राहिली.

येथे त्या मोकळीकीचा अर्थ कळतो. बंदिस्त प्रणालीच्या मालकाने मुदत आखडली तर वाचकाला तक्रारीपलीकडे काही करता येत नाही. येथे संहिता सर्वांच्या हाती होती. घोषणेनंतर काही तासांतच सेंटओएसच्या संस्थापकांपैकी ग्रेगरी कुर्त्झर यांनी नवे वितरण काढण्याचा मनोदय बोलून दाखवला. दुसऱ्या गटाने मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स प्रकाशित केले. कुर्त्झर यांचे रॉकी लिनक्स त्याच वर्षी जूनमध्ये आले. डिसेंबर २०२२ मध्ये फर्मिलॅब आणि युरोपातील सर्न यांनी अल्मालिनक्सची शिफारस केली. मुक्त परवाना शब्द पाळला जाईल याची हमी देत नाही, ही गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. एकाने टाकलेला शब्द दुसऱ्याला उचलता येईल, एवढीच वाट तो खुली ठेवतो. उचलणारा मात्र असावा लागतो.

‘रॉकी’ हे नाव सेंटओएसच्या आरंभकाळातील एका दिवंगत सहकाऱ्याचे. मला या इतिहासात सर्वांत बोलक्या वाटतात त्या अशा अर्पणपत्रिका. डेबियन २.२ जोएल क्लेकर या एकवीस वर्षांच्या सहकाऱ्याला अर्पण केली आहे. प्रकाशनाच्या महिनाभर आधी तो दीर्घ आजाराने वारला, आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या अनेकांना तो अंथरुणाला खिळलेला आहे हे ठाऊकही नव्हते. ५.० ‘लेनी’ अपघातात गेलेल्या थीमो सॉयफर यांना अर्पण झाली. ९ ‘स्ट्रेच’ इयन मर्डॉक यांना. ज्या ग्रंथाचे आयुष्य अवघे तीन-पाच वर्षांचे, त्यालाही अर्पणपत्रिका असते. शुद्धिपत्रामागे माणूस असतो हे त्यांनी विसरू दिलेले नाही.

त्याच लेनीशी आपलेही नाते आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये निघालेल्या या आवृत्तीच्या स्थापनाप्रणालीत नव्याने आलेल्या भाषांत मराठी होती. आनंदाची गोष्ट, पण लगोलग दुसरी नोंद वाचावी. पुढच्याच स्क्वीझमध्ये वोलोफ आणि वेल्श या दोन भाषा वगळल्या गेल्या, कारण त्यांची भाषांतरे अद्ययावत ठेवली गेली नव्हती. कोणी त्यांच्यावर अन्याय केला असे नाही. नव्या वाक्यांची भाषांतरे करणारे कोणी उरले नव्हते. भाषेचा समावेश हाही मुदतीचाच असतो, आणि ती मुदत दर आवृत्तीला वाढवून घ्यावी लागते. मराठीच्या प्राध्यापकांनी, निदान मराठीच्या प्राध्यापकांनी, हे काम दुसऱ्या कोणाचे आहे असे समजू नये.

आमच्या विभागातील त्या संगणकावर गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही नवी आवृत्ती बसवली. तीन दुपारी गेल्या. एक शब्दकोश नव्या प्रणालीत उघडेना, तो एका माजी विद्यार्थ्याने चालता करून दिला. संगणकाच्या बाजूला आता एक कागद चिकटवला आहे. त्यावर कपाटातील पुस्तकांच्या दाखलनोंदीसारख्याच तीन गोष्टी लिहिल्या आहेत : आवृत्तीचे नाव, बसवल्याची तारीख आणि देखभाल संपण्याचे वर्ष. चौथी ओळ रिकामी आहे. त्या वर्षी हे काम कोण करणार, त्याचे नाव तेथे लिहायचे आहे.